आंबोलीचा ॲटलस नेमका कोण? अटॅकस जीनसमधल्या एका नावाचं प्रकरण

प्रकरण दिसायला साधं आहे. जुलैच्या धो धो पावसात आंबोलीजवळच्या एका वाडीत ओळखीतल्या एकाच्या पडवीत ट्यूबलाइटखाली वीतभर रुंदीचा तांबूस पतंग येऊन बसला, दोन रात्री भिंतीवरून हलला नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी खाली मेलेला पडला होता. आधी फोटो आले, मग बॉडीच खोक्यात घालून हातात आली. फोटोबरोबर मेसेज होता, "ॲटलस मॉथ ना हा?" आणि इथेच प्रकरण सुरू होतं, कारण या प्रश्नाचं उत्तर हो पण आहे आणि नाही पण.

कोकणातून, घाटमाथ्यावरून दर पावसाळ्यात अशा बातम्या येतातच, "जगातला सर्वात मोठा पतंग सापडला" वगैरे. तो सर्वात मोठा आहे की नाही हा वाद वेगळाच. न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियातला हर्क्युलिस पतंग पंखांच्या एकूण क्षेत्रफळात त्याला टक्कर देतो, नुसती पंखांची रुंदी मोजायची तर दक्षिण अमेरिकेतला व्हाइट विच पुढे जातो. बातमीला ते चालतं. पण नोंद ठेवायची असेल, चिठ्ठीवर नाव लिहायचं असेल तर चालत नाही.

तर क्रमाने बघू. घराणं ठरवायला काहीच वेळ लागत नाही. एवढा आकार, तोंडाचे अवयव जवळपास नसल्यासारखे (मोठं झाल्यावर हे पतंग काही खातच नाहीत, अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठवडाभर, फार तर थोडं जास्त जगतात), पिसासारख्या मिशा, म्हणजे सॅटर्निडी, आपल्या टसर आणि एरी रेशमाच्या पतंगांचंच घराणं. त्यातही चारही पंखांवर खवले नसलेली पारदर्शक खिडकी, म्हणजे अटॅसिनी हा गट. ही खिडकी फोटोत नीट कळत नाही, हातात घेतल्यावर कळते. पंख वर्तमानपत्रावर ठेवला तर त्या त्रिकोणातून खालची अक्षरं सरळ वाचता येतात आणि त्रिकोणाच्या काळ्या किनारीपाशी लगेच खवल्यांची मखमल सुरू होते. नखाने जरा जरी घासलं तर ती तांबूस पूड बोटाला लागते, खिडकीवर मात्र काहीच लागत नाही कारण तिथे मुळात काही नाहीच.

या गटात एरीवाला सामिया जीनस (जीनस म्हणजे जवळच्या नात्यातल्या स्पेशीजचा गट) पण येतो, पण त्याची खिडकी चंद्रकोरीसारखी असते आणि आकार बराच लहान. जुन्या रेशमाच्या पुस्तकांत एरीच्या पतंगाला सुद्धा अटॅकस रिसिनी लिहिलेलं सापडतं, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची यादी वाचताना अटॅकस हे नाव दिसलं म्हणून लगेच ॲटलस धरून चालू नका. दुसरा शेजारी आर्किओअटॅकस, तो हिमालयात आणि ईशान्येकडे मिळतो, गडद चॉकलेटी रंगाचा, आधी तो सुद्धा अटॅकसमध्येच होता, १९१४ ला वॉटसन या अभ्यासकाने त्याला वेगळा जीनस दिला. आपल्या नगाचा रंग, त्रिकोणी खिडक्या, पुढच्या पंखाचं टोक सापाच्या फण्यासारखं वळलेलं, हे सगळं अटॅकसमध्ये बसतं. मिशा अरुंद आणि पोट जाडजूड म्हणजे मादी. नराच्या मिशा चांगल्या रुंद असतात कारण मादीचा वास लांबून पकडायचं काम त्यांचं असतं. शिवाय या बाईंनी भिंतीवर तांबूस अंड्यांची रांग पण लावून ठेवली होती, ती दुसऱ्या रात्री मुंग्यांनी साफ केली.

जीनस झाला, आता स्पेशीज, म्हणजे नेमकी जात. खरी भानगड इथून पुढे आहे.

प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ ला ॲटलसचं वर्णन केलं तेव्हा जगातले झाडून सगळे पतंग फॅलिना या एकाच पेटीत कोंबलेले होते, अटॅकस हे नाव १७६७ चं. पुढची शंभरेक वर्षं आशियातून जो काही मोठा, त्रिकोणी खिडक्यांचा पतंग युरोपात पोचला तो साधारण ॲटलसच्या नावावर जमा झाला, मग हळूहळू बेटाबेटावरचे वेगळे काढायला सुरुवात झाली. १८६१ ला फेल्डरांनी फिलिपिन्सचा लॉर्क्विनी आणि इंडोनेशियातल्या मोलुकाज बेटांचा क्रॅमेरी वेगळे काढले, १८९५ ला रॉथशिल्डने तिमोरकडचा डोहर्टी. आणि मधल्या काळात, १८८२ च्या सुमारास, फ्रेडरिक मूरने सिलोनच्या फुलपाखरा-पतंगांवरच्या आपल्या मोठ्या कामात तिथल्या ॲटलसला टॅप्रोबॅनिस हे वेगळं नाव दिलं.

हे नाव काही लगेच रुजलं नाही. ब्रिटिश इंडियाच्या प्राणिमालिकेतला हॅम्पसनचा पतंगांचा पहिला खंड १८९२ ला आला आणि पुढची कितीतरी दशकं भारतात पतंग ओळखणारा जवळजवळ प्रत्येक जण तेच पुस्तक उघडत होता. त्या काळची चाल अशी की एक मोठी पसरलेली स्पेशीज धरायची आणि ठिकाणाठिकाणचे फरक तिची रूपं म्हणून सोडून द्यायचे. त्यामुळे दार्जिलिंगचा ॲटलस, आंबोलीचा ॲटलस, कुर्गचा पण ॲटलस. शेवटी १९८९ ला रिचर्ड पाइग्लर या अमेरिकन अभ्यासकाने अख्ख्या अटॅकस जीनसची फेरमांडणी केली, डझनभरापेक्षा जास्त स्पेशीज नीट उभ्या केल्या आणि दक्षिण भारत-श्रीलंकेचा टॅप्रोबॅनिस स्वतंत्र स्पेशीज म्हणून ठेवला. त्यानंतर इंडोनेशियातल्या बेटांवरून आणखी काही नव्यांची भर पडली आहे. आजच्या घडीला भारताच्या वाट्याला अटॅकसचे तीन येतात: हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्येकडे ॲटलस, दक्षिणेकडे टॅप्रोबॅनिस, आणि अंदमानात मॅकमलेनी, तो पण वॉटसनचाच, १९१४ चा.

म्हणजे आंबोलीच्या मादीवर टॅप्रोबॅनिस लिहायचं आणि मोकळं व्हायचं, असं वाटेल. मलाही तेच लिहायचं होतं. पण लिहिताना एक प्रश्न टोचत राहतो, की हे मी पतंग बघून लिहितोय की पत्ता बघून?

खरं सांगायचं तर पत्ता बघून. आणि हे माझ्या एकट्याचं नाही, ॲटलस गटाच्या भारतातल्या बहुतेक फोटोंना नाव असंच लागतं. फोटो सह्याद्रीचा असेल तर टॅप्रोबॅनिस, आसामचा असेल तर ॲटलस. रंगावर भरवसा ठेवता येत नाही कारण कोषात असताना हवा किती गरम, किती दमट होती त्याने रंग गडद-फिका होतो, आणि चार दिवस उडालेला पतंग खवले झडून तसाही फिका दिसतो. मोठ्या खिडकीशेजारी आणखी एक छोटी फट असते-नसते, तिच्यावर लोक फार भर देतात, पण ती एकाच स्पेशीजमध्ये सुद्धा कमी-जास्त होते. साइजचं तर विचारूच नका, अळीला पाला कमी मिळाला की पतंग लहान निघतो, विषय संपला.

आता याचा पुढचा भाग बघा. पत्त्यावरून नाव लावलं. ती नोंद कुठेतरी डेटाबेसमध्ये गेली. उद्या कोणीतरी त्या नोंदी गोळा करून टॅप्रोबॅनिसचा नकाशा काढणार, सह्याद्रीभर ठिपके, ईशान्येत एक पण नाही, आणि म्हणणार की बघा दोघांचा प्रदेश किती स्वच्छ वेगळा आहे. अहो पण तो वेगळा दिसणारच, तुम्ही नाव लावतानाच तसा वेगळा केलाय! नकाशावरून नाव आणि नावावरून नकाशा, दोन्ही एकमेकांच्या खांद्यावर उभे. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते आणि ती फक्त या पतंगाची नाही, फोटोवरून ओळखल्या जाणाऱ्या निम्म्या कीटकांची आहे.

याचा अर्थ टॅप्रोबॅनिस खोटा आहे असा बिलकुल नाही. पाइग्लरने फोटोवर नाही, संग्रहातल्या नगांवर काम केलेलं आहे. या जीनसच्या भूगोलात एक तर्क पण आहे आणि तो बराच पटतो. ॲटलस सुमात्रा, जावा, बोर्निओ या सगळ्या मोठ्या बेटांवर एकच स्पेशीज म्हणून पसरलेला आहे. का? कारण तिथला समुद्र उथळ आहे, हिमयुगात पाण्याची पातळी शंभर मीटरहून जास्त खाली गेली तेव्हा ही बेटं आशियाच्या मुख्य भूमीला जोडलेली होती, चालत म्हणा उडत म्हणा, ये-जा चालू होती. तिथून पूर्वेला सरकलात, खोल समुद्र ओलांडून सुलावेसीला गेलात की एरेबस ही वेगळी स्पेशीज, मोलुकाजला क्रॅमेरी, तिमोरला डोहर्टी, अगदी ऑस्ट्रेलियाच्या डार्विनकडे वॉर्डी. म्हणजे समुद्राची खोली बघितली की साधारण कळतं कोण कोणापासून किती काळ तुटलेला आहे. हाच हिशोब आपल्याकडे लावा, अंदमान खोल पाण्याने तुटलेलं, तिथे मॅकमलेनी वेगळा, आणि भारत-श्रीलंकेमधली पाल्कची सामुद्रधुनी एकदम उथळ, हिमयुगात कोरडी पडलेली, म्हणून श्रीलंकेचा आणि दक्षिण भारताचा पतंग एकच. इथपर्यंत सगळं छान जुळतं.

पण सह्याद्री आणि ईशान्य भारत यांच्यामध्ये समुद्र नाही. मध्ये दख्खनचं कोरडं पठार आहे, आणि कोरडी जमीन ही समुद्रासारखी कायमची भिंत नसते. पाऊसमान बदलतं, जंगल पसरतं-आकसतं. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४९ मध्ये माशांच्या अभ्यासावरून सातपुड्याची कल्पना मांडली होती की पूर्वेकडचे, मलायाच्या बाजूचे ओल्या जंगलाचे प्राणी विंध्य-सातपुड्याच्या रांगेवरून पश्चिमेला आले आणि सह्याद्रीतून खाली उतरले. तिच्यावर पुढे भरपूर टीका झाली, सगळेच प्राणी त्याच वाटेने आले असं कोणी आता म्हणत नाही, पण ईशान्येत एक आणि सह्याद्रीत त्याचा भाऊबंद, मधे रिकामी जागा, हा पॅटर्न खरा आहे. फुलपाखरांत बघा ना, सदर्न बर्डविंग हे दक्षिणेचं मोठं पिवळं-काळं फुलपाखरू बराच काळ पूर्वेकडच्या ट्रॉइडिस हेलेनाची उपजाती म्हणून लिहिलं जायचं, आज ते ट्रॉइडिस मिनोस म्हणून स्वतंत्र आहे. अटॅकसची गोष्ट जवळपास तीच.

आता कोणी म्हणेल, दोघांचं मीलन करून बघा, पिल्लं झाली तर एक, नाही झाली तर दोन. शाळेत व्याख्या तशीच शिकवतात. पण सॅटर्निडी घराण्यात ही टेस्ट फारशी कामाची नाही. आपल्याच देशात ओक टसरसाठी चीनच्या अँथेरिया पर्नाय आणि हिमालयातल्या अँथेरिया रॉयलाय यांचा संकर करून प्रॉयलाय तयार केला, एकाचे क्रोमोसोम ४९ आणि दुसऱ्याचे ३० च्या आसपास, तरी पिढ्यान् पिढ्या चालला. तेव्हा पिंजऱ्यात पिल्लं झाली यावरून रानात ते एक आहेत असं सिद्ध होत नाही, आणि रानात ते एकमेकांना भेटतच नाहीत.

मग उरतात दोन मार्ग. पहिला जुना, जननेंद्रियांचा. पोटाचं टोक काढून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवायचं, मऊ भाग विरघळला की राहिलेला कडक सांगाडा ब्रशने साफ करून मायक्रोस्कोपखाली बघायचा. पतंगांमध्ये स्पेशीजचे फरक पंखांपेक्षा इथे जास्त भरवशाचे सापडतात, पण मुख्यतः नरात. आणि आपल्याकडे आली मादी. दिव्यावर नर आला असता तर अर्धं काम झालं असतं, असो.

दुसरा मार्ग डीएनए बारकोड. मायटोकाँड्रियातल्या सीओआय जीनचा ६५८ अक्षरांचा तुकडा, २००३ पासून पॉल हेबर्ट आणि त्यांच्या कॅनडातल्या टीमने हे प्रकरण जगभर रुजवलं. एक पाय पुरतो. मादीचा मधला एक पाय स्वच्छ चिमट्याने काढून छोट्या डबीत ठेवला आहे, डबीवर पेन्सिलीने नंबर (शाई अल्कोहोल लागलं की जाते, पेन्सिल जात नाही), तोच नंबर पतंगाच्या टाचणीवर. पण बारकोडचं पण एक आहे, तुमचा तुकडा शेवटी लायब्ररीतल्या तुकड्यांशी जुळवून बघायचा असतो, आणि लायब्ररीत "ॲटलस" म्हणून ठेवलेला नग जर कोणी पत्त्यावरूनच ॲटलस ठरवलेला असेल तर आपण परत त्याच गोलात. यातून बाहेर पडायला श्रीलंकेचा नग हवा, कारण टॅप्रोबॅनिस हे नाव मूळ तिथल्या पतंगाला दिलेलं आहे, आणि ॲटलससाठी पूर्वेकडचा खात्रीचा नग हवा. मग सह्याद्रीचा कुठे पडतो ते बघायचं. दोन-तीन टक्के फरक म्हणजे वेगळी स्पेशीज हा लोकांनी धरलेला अंदाज आहे, नियम नाही. आणि एक नग पुरणार नाही, आंबोली, अगुंबे, वायनाड अशी रांग लागेल.

पत्त्याचा भरवसा धरण्यात आणखी एक खोच आहे. ॲटलसचे जिवंत कोष विकले जातात, फुलपाखरांच्या काचघरांसाठी ते देशोदेशी पाठवले जातात. २०२२ च्या जुलैत अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहरात एका गॅरेजच्या भिंतीवर ॲटलस सापडला होता, तिथे तो रानात असण्याचा प्रश्नच नाही, कोषातूनच कोणाकडे तरी आलेला असणार. सह्याद्रीत असं काही झालंय असं मी म्हणत नाही, पण शहरातल्या बाल्कनीत एकटा सापडलेला ॲटलस नकाशावर टाकण्यापूर्वी दोनदा विचार केलेला बरा.

तर मादीच्या चिठ्ठीवर काय लिहिलं? दोन चिठ्ठ्या केल्या. वरच्या चिठ्ठीत जागा, उंची, तारीख, "घराच्या दिव्यावर, मृत", पायाच्या डबीचा नंबर. ही चिठ्ठी कधी बदलायची नाही, ही वस्तुस्थिती आहे. खालच्या चिठ्ठीत "अटॅकस टॅप्रोबॅनिस, मादी, ओळख ठिकाणावरून" आणि वर्ष. ते "ओळख ठिकाणावरून" एवढे दोन शब्द मला नावापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण पुढे कोणी नकाशा काढायला बसलं तर त्याला कळेल की हा ठिपका पुरावा म्हणून मोजायचा नाही.

हे करताना एका कॉलेजच्या संग्रहातली जुनी पेटी पण बघायला मिळाली. तीन नग, डांबरगोळ्यांच्या वासात, तिघांवर "ॲटलस", आणि ठिकाण नुसतं "पश्चिम घाट". तारीख एकावरच. नाव चुकीचं म्हणून मला त्याचं काही वाईट वाटलं नाही, नाव आज ना उद्या बदलता येतं, त्या काळात पुस्तकच तसं होतं. पण "पश्चिम घाट" हे ठिकाण म्हणजे गुजरातच्या डांगपासून कन्याकुमारीपर्यंत कुठेही, त्याचं आता कोणीच काही करू शकत नाही. त्यांतले दोन नर आहेत एवढी मात्र चांगली बातमी, पोटं शाबूत आहेत, परवानगी मिळाली तर जननेंद्रियं काढून बघता येतील. घाटातल्या कुठल्याही गावचे असले तरी दक्षिणेचेच ना, तेवढ्यापुरते ते कामाचे.

खरी नोंद हवी आहे ती मधल्या पट्ट्यातून. मेळघाट, पचमढी, अमरकंटक, बस्तर, ओडिशाचे डोंगर, पूर्व घाट. तिथे कोणाला अटॅकस दिसला तर कृपा करून घाईने ॲटलस किंवा टॅप्रोबॅनिस लिहू नका, "अटॅकस, स्पेशीज ठरलेली नाही" एवढंच लिहा, कारण तिथे पत्ता बघून नाव लावायची सोयच नाही आणि म्हणूनच ती नोंद सोन्यासारखी आहे. फोटो वरून सरळ एक, मिशांचा जवळून एक (नर की मादी ते कळतं), पंखाच्या टोकाचा एक, जमलं तर खालच्या बाजूचा. शेजारी पट्टी नसेल तर नाणं ठेवा. जिवंत असेल तर त्याला तसाच राहू द्या, जंगलात मेलेला असला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलू नका, घराच्या दिव्याखाली मेलेला मिळाला तर कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी येते आणि पायातला डीएनए पण जातो.